जोहिलेचा दुसरा भाग

नर्मदेकाठच्या आमच्या हिंदीभाषक शहरात, नेपियर टाउनमधल्या माझ्या लायब्ररीत दोन विचित्र नियम आहेत. पहिला जुना आहे: टोल भरल्याशिवाय पुस्तक मिळत नाही. दुसरा अलीकडचा: कादंबरीचे दोन भाग असतील तर ते सुतळीनं एकत्र बांधून दिले जातात. सुटा पहिला भाग कुणालाही मिळत नाही, मग तो कितीही गोड बोलो. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी संपादकांनी माझ्याकडे 'वाचनसंस्कृतीपुढील आव्हाने' असा विषय पाठवला होता. आव्हानं वगैरे मला झेपायची नाहीत. सुतळी कुठून आली तेवढं सांगते.

आधी धंद्याबद्दल थोडं. माझी लायब्ररी म्हणजे एक खोली आणि तिच्यासमोरच्या पायऱ्या. वर कोचिंग क्लास, शेजारी दातांचा दवाखाना. त्यामुळे माझ्याकडे येणारी निम्मी गिऱ्हाइकं भौतिकशास्त्राला कंटाळलेली आणि उरलेली दाढदुखीनं हैराण. अनामत भरायची, महिन्याचे पैसे द्यायचे, पुस्तक न्यायचं. नवं पुस्तक आलं की आधी त्याला प्लास्टिकचं कव्हर घालायचं, कण्याला आतून कापडाची पट्टी चिकटवायची. कारण पोरं पुस्तक वाचत नाहीत, त्याच्याशी कुस्ती खेळतात. एका मुलानं तर जादूची कादंबरी भौतिकशास्त्राच्या पुठ्ठ्यात घालून क्लासमध्ये वाचली होती. सापडल्यावर सरांना म्हणाला, "सर, गुरुत्वाकर्षणच पढ़ रहा था, परी खाली पडून राहिली होती."

गेली काही वर्षं पोरांना वेड आहे ते जुन्या गोष्टी नव्या तोंडून ऐकायचं. लहानपणी आपण ज्यांना घाबरलो त्या सगळ्या चेटकिणी, सावत्र आया आणि राक्षसांच्या लेकी आता आपापली बाजू मांडायला रांगेत उभ्या आहेत. प्रत्येकीजवळ थोडी जादू असते, एखादं हत्यार असतं आणि मन दुखावलेलं असतं. पहिल्यांदा मी नाक मुरडलं. मग एक वाचली, मग दुसरी, आणि आता सगळ्यात आधी मीच वाचते. या कादंबऱ्यांना मी साडीचा ड्रेस म्हणते. आईच्या जुन्या साडीचा मुलीनं ड्रेस शिवला की काठ ओळखू येतो, पदराची बुट्टी पाठीवर गेलेली दिसते, आणि मजा त्यातच आहे. ज्यानं ती साडी कधी पाहिलीच नाही, त्याच्यासाठी तो नुसता ड्रेस.

टोल सुरू झाला तो यातूनच. फिरवलेली गोष्ट न्यायची असेल तर आधी मूळ गोष्ट माझ्या काउंटरवर उभं राहून सांगायची. कुठल्याही भाषेत चालेल, अडखळत चालेल, पण तोंडानं सांगायची. पोरं म्हणतात, "आंटी का टोल टैक्स." एका मराठी घरातल्या पोराला कावळ्याच्या बाजूनं लिहिलेली कादंबरी हवी होती, आणि कावळ्याचं घर शेणाचं होतं हेसुद्धा त्याला ठाऊक नव्हतं. मी त्याला हात हलवत परत पाठवलं. त्यानं यवतमाळच्या आजीला फोन लावला, गोष्ट ऐकली आणि दुसऱ्या दिवशी येऊन अर्ध्या हिंदीत ती मला ऐकवली. शेवटी म्हणाला, "पण मावशी, चिमणीनं पहिल्याच हाकेला दार काहून नाही उघडलं?" अशा वेळी वाटतं, आपला धंदा बुडीतला असेल, पण वाया गेलेला नाही.

या पुस्तकांचा माझा सगळ्यात जुना भक्त मात्र पोरगा नाही. तिवारीजी फॅक्टरीतून निवृत्त झालेले, सत्तरी ओलांडलेले गृहस्थ. नातवासाठी नेतो असं सांगून पुस्तकं न्यायचे. नातू बंगलोरला आहे हे मला नंतर कळलं. खलनायकाच्या बाजूची कोणतीही कादंबरी आली की पहिली प्रत त्यांची. माझ्याकडे सभासदांनी आपसात पुस्तकांची देवाणघेवाण करायला सक्त मनाई आहे, कारण मग पुस्तक कुणाकडे आहे तेच कळत नाही. तिवारीजी हा नियम सर्रास मोडत आणि पकडले गेले की कानाच्या पाळ्या धरत. त्यांच्या या खोडीशी मी वर्षानुवर्षं भांडत आले होते.

आता शर्वरी. शर्वरी खानझोडे, दीक्षितपुऱ्यात राहणारी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. घराणं मूळचं अमरावतीकडचं, वडील सरकारी नोकरीत. दोन वेण्या होत्या तेव्हापासून ती माझी सभासद. थोरली वृंदा हिच्याहून चार-पाच वर्षांनी मोठी, अबोल, एका शाळेत शिकवणारी. ती लायब्ररीत यायची ती फक्त बहिणीला शोधत. दारातूनच हाक मारायची, "शरू, चल ना, आई वाट पाहून राहिली." आत कधी पाऊल टाकलं नाही तिनं.

त्या उन्हाळ्यात हिंदीतली दोन भागांची एक कादंबरी आली होती, जोहिलेची. आमच्याकडे ही गोष्ट शेंबड्या पोरालाही ठाऊक असते, पण लांबच्या वाचकांसाठी सांगते. नर्मदा ही राजकन्या. तिचं लग्न शोणभद्र नावाच्या राजपुत्राशी ठरलं. त्याला तिनं पाहिलेलं नव्हतं, म्हणून तिनं आपली दासी जोहिला हिला पाठवलं, स्वतःचे कपडे आणि दागिने चढवून. राजपुत्राला वाटलं हीच राजकन्या. जोहिलेचंही मन फिरलं, ती गप्प राहिली. नर्मदेला कळलं तेव्हा ती अशी भडकली की तोंड फिरवून पश्चिमेला निघून गेली, ती आजतागायत कुमारी आहे. म्हणून सगळ्या नद्या पूर्वेला जातात आणि आमची मैया उलटी वाहते, असं म्हातारी माणसं सांगतात. जोहिला नावाची नदीही आहे. पण तिच्या नावानं कुणी हात जोडत नाही. दीक्षितपुऱ्यात एखादीला जोहिला म्हटलं तर ती शिवी असते.

शर्वरीनं टोल भरला तो हाच. गोष्ट सांगून झाली तरी ती काउंटरवर रेंगाळली. म्हणाली, "मावशी, जोहिलेला कोणी विचारलंच नाही ना, तुला जायचं आहे का म्हणून?"

"दासीला कोण विचारतं?" मी म्हटलं. हातात गोंद होता, मागे दाढदुखीवाले उभे होते. ती हसली आणि पहिला भाग घेऊन गेली. दुसरा तिवारीजींकडे होता, तो आला की तुला सांगते असं मी तिला म्हटलं.

त्यानंतर काही दिवसांनी, दुपारी, शर्वरीचे वडील खानझोडे माझ्या दारात उभे राहिले. हातात तीच कादंबरी, शर्ट घामानं चिंब. मागे वृंदा. तिचा चेहरा पाहूनच माझ्या हातातली कात्री खाली ठेवली गेली.

"ताई, हे पुस्तक तुमचंच ना?"

"हो भाऊ. काय झालं?"

"शरू सकाळपासून घरी नाही आहे. पलंगावर हे उघडं पडलं होतं, शेवटचं पान. वाचलं मी. पोरगी भेडाघाटला जाते आणि पाण्यात चालली जाते! हे काय लिहून राहिले लोक? आणि तुम्ही काहून दिलं हे तिला?"

ते खरं होतं. पहिला भाग तसाच संपतो. त्या कादंबरीत जोहिला ज्याचा कपडा घालेल त्याचा चेहरा तिच्यावर चढतो, ही तिची जादू आणि हाच तिचा शाप. सगळे तिला विश्वासघातकी ठरवतात, तेव्हा ती भेडाघाटला, नर्मदेवरच्या संगमरवरी कड्यांपाशी येते आणि पाण्यात पाऊल टाकते. पुढचं कोरं पान. वाचणाऱ्यानं दुसरा भाग घ्यावा म्हणून लेखक असे शेवट करतात, ही या धंद्यातली युक्ती आहे. पण ते बापाला कसं सांगणार?

"भाऊ, हे अर्धंच पुस्तक आहे," एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"अर्धं असो की पूर्ण! फोन बी नाही तिच्याजवळ, मीच काल रात्री काढून घेतला. कोपऱ्यावरच्या बाईनं तिला ऑटोत बसताना पाहिलं. मी भेडाघाटला जाऊन राहिलो." पुस्तक काउंटरवर टाकून ते बाहेर पडले. बाहेर मुलींचे मामा स्कूटर चालू ठेवून उभे होते.

वृंदा गेली नाही. पायरीवर बसली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशी, सकाळी मी तिला जोहिला म्हटलं."

मी शटर ओढलं. इतक्या वर्षांत कामाच्या दिवशी भरदुपारी ते पहिल्यांदाच खाली आलं असेल. समोर आली ती ऑटो थांबवली. भेडाघाट म्हटल्यावर, एवढ्या लांब म्हणून, ऑटोवाला वळून आमच्याकडे बघायला लागला. "भैया, जल्दी," एवढंच मी म्हटलं. पुस्तक माझ्या मांडीवर होतं. कशासाठी घेतलं होतं कोण जाणे.

ऑटोत वृंदा बोलली. अबोल माणसं बोलायला लागली की मध्ये थांबत नाहीत. तिला एक स्थळ आलं होतं, राइट टाउनमधलं, आपल्यातलंच, पिढ्यान्‌पिढ्या इथं राहिलेलं घर. मुलगा अनिकेत, बँकेत. दोघांनी आधी बाहेर कॉफीला भेटावं असं घरच्यांनी ठरवलं. पण याआधी वृंदाला बघून गेलेल्यांनी नकार कळवला होता, तेही एकदा नाही. तिला परत तोंड दाखवायची भीती वाटायला लागली होती.

"मीच शरूला म्हटलं, तू जा, बघून ये कसा आहे तो. ती नाही म्हणत होती मावशी. मी पाया पडली तिच्या. तिच्याजवळ तर धड कपडे बी नाहीत, म्हणून माझा निळा कुर्ता घालायला दिला. ताईला बरं नाही म्हणून मी आली, असं सांग, म्हटलं. ती तसंच सांगून आली. येऊन मला म्हणाली, चांगला आहे ताई, हो म्हण."

मग रीतसर बघण्याचा कार्यक्रम झाला. पोहे झाले. आणि चार दिवसांनी निरोप आला: आम्हाला धाकटी पसंत आहे.

"बाबांनी विचारलं, ही त्याला आधी कुठं भेटली? तर अनिकेतकडून कळलं, कॉफीला मी नाही, ती गेली होती. बाबांना वाटलं, ती आपल्याच मनानं चोरून गेली. बाबा तिला वाट्टेल ते बोलले. ती एक शब्द नाही बोलली. माझ्याकडे बघत राहिली. आणि मी..." वृंदानं ओढणीनं तोंड पुसलं. "मीपण गप्प राहिली. आणि आज सकाळी मीच तिला ते म्हटलं."

मला तिचा राग आला. खोटं कशाला बोलू, एक कानशिलात द्यावीशी वाटली. आणि त्याच वेळी तिला जवळ घ्यावंसंही वाटलं. दोन्हीपैकी मी काहीच केलं नाही, कारण ऑटो वाटेतल्या गढा वस्तीच्या गर्दीत अडकली होती आणि माझ्या डोक्यात एकच गोष्ट फिरत होती: शर्वरीनं फक्त पहिला भाग वाचला आहे. मला दुसऱ्या भागात काय होतं ते ठाऊक होतं. जोहिला पाण्यातून पलीकडे निघते, दुसऱ्याचे कपडे काठावर टाकून देते, आपल्या जुन्या वेशात थेट राजवाड्यात जाते आणि भर दरबारात उभी राहून बोलते. पण तो भाग शर्वरीला मिळालाच नव्हता. तो तिवारीजींकडे होता, आणि मी नेहमीप्रमाणे त्यांच्याकडे तगादा लावायचं उद्यावर ढकलत होते.

काही सुचलं नाही म्हणून, आणि काहीतरी करायला हवं म्हणून, मी तिवारीजींना फोन लावला.

"तिवारीजी, जोहिला का दूसरा भाग आपके पास है?"

 पलीकडून अगदी बारीक आवाज आला. "दीदी, नाराज़ मत होइए। वो परसों सीढ़ियों पर खानझोडे जी की छोटी बिटिया मिल गई थी। इतनी बेचैन थी बेचारी, पूछ रही थी आगे क्या हुआ। मैंने कहा, बताऊँगा नहीं, तुम खुद पढ़ लो। दे दिया उसको।"

त्या माणसाच्या पाया पडावंसं वाटलं मला.

"भैया, ऑटो वापस लो," मी म्हटलं. "राइट टाउन."

वृंदानं माझा हात घट्ट धरला. "वापस? मावशी, पाण्याकडे नाही जायचं?"

"तुझे बाबा तिकडे पोचले असतील. दुसऱ्या भागातली जोहिला राजवाड्यात जाते. आपण अनिकेतच्या घरी जाऊ."

मी मोठ्या ठामपणे बोलले खरी. पण खात्री कसली? तिनं दुसरा भाग वाचला असेलच कशावरून? वाचला तरी पोरगी पुस्तकाप्रमाणे वागेल हे कुणी सांगितलं? आयुष्यभर मी पालकांना समजावत आले होते की पुस्तक वाचून पोरं बिघडत नाहीत, पोरं एवढी बावळट नसतात. आणि आता मीच एका कादंबरीच्या भरवशावर नदीकडे पाठ फिरवून निघाले होते. 

अनिकेतच्या घराच्या फाटकाशी उतरतो न उतरतो तोच वृंदाचा फोन वाजला. खानझोडे बोलत होते, धबधब्याच्या आवाजावर ओरडून, त्यामुळे मलाही ऐकू आलं. "वृंदा, इथं एका नाववाल्यानं पोरगी पाहिली. एकटी, वर कड्याकडे चालली होती. निळा कुर्ता होता म्हणून राहिला. आम्ही वर जाऊन राहिलो." फोन बंद झाला.

 "माझा कुर्ता," वृंदा म्हणाली. "तो तिच्याकडेच आहे."

दार उघडलं ते अनिकेतच्या आईनं. बाई नीटनेटक्या, बोलणं मोजकं. आम्हाला बघून त्यांना नवल वाटलं नाही. "या. तुमची धाकटी येऊन गेली," त्या म्हणाल्या.

"कधी?" आम्ही दोघी एकदमच बोललो.

"झाला की बराच वेळ. बसली नाही, पाणीसुद्धा घेतलं नाही. अनिकेत आणि त्याचे वडील जेवत होते, त्यांच्यासमोर उभी राहून म्हणाली, तुम्ही माझ्या ताईला बघायला आला होता. मला बघायला नाही. मला कोणी विचारलं नाही, म्हणून मीच सांगायला आली, माझं उत्तर नाही आहे."  बाईंना राग आला होता की कौतुक वाटलं होतं ते मला सांगता येणार नाही, बहुधा दोन्ही. "मी म्हटलं, अगं मग आधी कॉफीला काहून आली होतीस? तर म्हणते, ते मी नाही सांगणार काकू. ज्याचं आहे तो सांगेल."

वृंदा भिंतीला धरून उभी होती. "काकू," ती कसंबसं म्हणाली, "तिनं काय घातलं होतं?"

"काय घातलं होतं म्हणजे? पिवळं काहीतरी होतं. जुनंच. बाही उसवलेली होती, माझं लक्ष गेलं म्हणून सांगते."

"तिचा स्वतःचा आहे," वृंदा म्हणाली आणि तिथंच दारातल्या ओट्यावर बसून रडायला लागली.

भेडाघाटच्या कड्यावरची निळ्या कुर्त्याची मुलगी दुसऱ्या कुणाची तरी होती. ती सुखरूप असो. पण माझी घालमेल थांबली नाही. शर्वरी इथून निघून बराच वेळ झाला होता. घरी ती गेलेली नव्हती, तिची आई दर थोड्या वेळानं फोन करत होती. राजवाड्यात बोलून झाल्यावर जोहिला कुठे जाते? मी आठवून आठवून पाहिलं. कुठेच जात नाही. कादंबरी तिथंच संपते. बोलून झालेल्या मुलीनं पुढे कुठे जायचं हे लेखकानं लिहिलेलंच नव्हतं.

"दीक्षितपुऱ्यात जाऊ," वृंदा म्हणाली. "रस्त्यानं पायी निघाली असेल तर दिसेल." आम्ही ऑटो हळू हळू घ्यायला लावली. दोन्ही बाजूंनी पिवळं काही दिसलं की आम्ही दोघी माना बाहेर काढायचो. एकदा तर भोपळ्यांची हातगाडी बघून वृंदानं ऑटो थांबवली. नेपियर टाउन लागलं. कोचिंगची बॅच सुटली होती, फुटपाथवर सायकली आणि पोरांचा गलका. माझ्या बंद शटरसमोरच्या पायऱ्यांवर ताटकळत बसलेली पाच-सहा पोरं दिसली, आणि त्यांच्यात, मांडीवर जाड पुस्तक घेऊन, उसवलेल्या बाहीचा पिवळा कुर्ता.

मी धावतच उतरले. तिनं वर पाहिलं आणि वैतागून म्हणाली, "मावशी, आज लायब्ररी बंद काहून? मी किती वेळची बसून राहिली! पुस्तक वापस करायचं होतं ना."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. पोरं सांगतात की मी तिला आधी मिठी मारली, मग झापलं, मग परत मिठी मारली. शर्वरीला कळेचना की एवढं काय झालं. घरात कोणी तोंड बघायला तयार नाही, फोन काढून घेतलेला, म्हणून ती जे बोलायचं ते बोलून शांत ठिकाणी येऊन बसली होती. पहिला भाग पलंगावर उघडा का पडला होता? तिनं शेवटचं पान परत एकदा वाचलं होतं, दुसऱ्याच्या सुरुवातीशी ताडून बघायला. बस, एवढंच. वाचणाऱ्याची नेहमीची सवय, आणि आम्ही सगळे त्यावरून नदीवर पोचलो होतो.

वृंदा मात्र ऑटोजवळच उभी होती. शर्वरीनं तिच्याकडे पाहिलं आणि मान फिरवली. सकाळचा तो शब्द दोघींच्या मध्ये उभा होता, आणि मला वाटून गेलं, पोरगी तर सापडली, पण बहीण गेली.

शटर वर केलं, हातातला पहिला भाग काउंटरवर ठेवला. पोरांना मी उद्या या म्हणून पिटाळलं. वृंदानं वडिलांना फोन करून एवढंच सांगितलं, सापडली, अनिकेतच्या घरी बोलून आली, आता लायब्ररीत आहे. ते येईपर्यंत आम्ही तिघी आत बसून होतो. 

खानझोडे आले ते पँट गुडघ्यापर्यंत ओली, चपलांना चिखल. पोरीला बघून त्यांचा चेहरा आधी विरघळला, मग लगेच ताठ झाला. बापांचं असंच असतं, भीती उतरली की तिच्या जागी राग येऊन बसतो. ते सरळ शर्वरीकडे निघाले. "कुठं गेली होती? कोणाला विचारून? तिथं त्यांच्या घरी जाऊन आली म्हणून राहिली वृंदा, लाज नाही वाटली? आधी चोरून भेटायचं, मग..."

"मावशी," वृंदा मोठ्यानं म्हणाली. इतक्या मोठ्यानं की खानझोडे थांबले. ती उठून काउंटरपाशी आली होती. इतकी वर्षं दारातूनच परतणारी मुलगी. "मावशी, मला ते पुस्तक पाहिजे. जोहिलेचं."

माझ्या लक्षात आलं. मी नियमाप्रमाणे बोलले. "टोल भरावा लागेल. मूळ गोष्ट सांग आधी."

"वृंदा, ही वेळ आहे का?" खानझोडे म्हणाले.

"भाऊ, बसा," मी म्हटलं. "माझ्या लायब्ररीत टोल चालू असताना मध्ये कोणी बोलत नाही." ते स्टुलावर बसले. थकलेही होते बिचारे.

वृंदानं दोन्ही हात काउंटरवर ठेवले. शाळेत शिकवणारी मुलगी, पण पहिलं वाक्य यायला तिला खूप वेळ लागला.

"एक होती नर्मदा. तिचं लग्न ठरून राहिलं होतं. पण तिला भीती वाटत होती. आपल्याला बघून तो परत नाही म्हणेल, अशी. म्हणून तिनं जोहिलेला म्हटलं, तू जा माझ्याऐवजी. जोहिला नाही म्हणत होती. नर्मदा पाया पडली तिच्या. स्वतःचा निळा कुर्ता काढून तिला घातला." खानझोड्यांनी मान वर केली. वृंदा त्यांच्याकडे न बघता बोलत राहिली. "जोहिला गेली, सांगितलं होतं तेवढंच बोलून आली. काही चोरून नाही केलं तिनं. पाठवणारी दुसरीकडे लपून बसली होती. मग त्या मुलानं जोहिलेचं नाव घेतलं, आणि सगळे जोहिलेवर ओरडले, तिच्या बाबांनी तिचा फोन काढून घेतला. नर्मदेला सगळं माहीत होतं. ती गप्प बसली, बाबा. वरून तिलाच शिवी दिली."

 खानझोडे धाकट्या लेकीकडे बघत होते आणि त्यांचे ओले हात गुडघ्यांवर नुसते पडले होते.

"पुढं?" मी विचारलं. गोष्ट शेवटपर्यंत सांगावी लागते, नाहीतर टोल पूर्ण होत नाही.

"पुढं काय," वृंदा म्हणाली. तिला आता रडू आवरत नव्हतं. "पुढं नर्मदा तोंड फिरवून निघून गेली. कायमची."

शर्वरी उठली. तिनं काउंटरवरचा पहिला भाग घेतला, आपल्या हातातला दुसरा त्यावर ठेवला आणि काउंटरवरच्या सुतळीनं दोन्ही एकत्र बांधून बहिणीच्या हातात दिले.

"अजून नाही गेली, ताई," ती म्हणाली. "इथंच उभी आहे."